दाढ ठणकायच्या आधी: पहिल्यांदाच दात भरून घेणाऱ्यांसाठी

"मॅडम, रातभर डोयाले डोया नाही लागला. काढून टाका एकदाची."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दातांचा दवाखाना चालवते. माझी सकाळ बहुतेकदा याच वाक्यानं सुरू होते. गालावर रुमाल, डोळे लाल, खिशात मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी. मी विचारते, खड्डा कधीपासून दिसत होता? "दोन सालं झाली असतीन. पण दुखत नव्हती ना, मंग कायले येऊ?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी लिहायला बसले आहे. दात भरणं, आपल्याकडे ज्याला 'सिमेंट भरणं' म्हणतात, हा न दुखणाऱ्या दाताचा इलाज आहे. ठणका लागला की सिमेंटची वेळ बहुधा निघून गेलेली असते. मग नसेचं काम (रूट कॅनॉल) करा, नाहीतर दाढ काढा, एवढंच उरतं. म्हणून जो कधीच दातांच्या डॉक्टरकडे गेला नाही त्यानं घरी काय बघायचं, कुठं जायचं आणि खुर्चीवर बसल्यावर काय होतं, ते ओळीनं सांगते.

आधी घरीच तोंड बघा

सकाळी दारात उजेडाकडे तोंड करून बसा. एक लहान आरसा घ्या आणि घरातल्या कोणाला मोबाइलचा टॉर्च धरायला सांगा. चूळ भरून दात स्वच्छ फडक्यानं कोरडे करा, कारण ओल्या दातावर डाग लपतो. दाढांच्या वरच्या खाचा, दोन दातांमधल्या फटी आणि हिरडीलगतची कड या तीन जागा बघायच्या. खाचेत काळपट खड्डा दिसतो का? जेवल्यावर एकाच ठिकाणी दरवेळी अन्न अडकतं का? गार पाण्यानं एकाच दाताला कळ येते का? यातलं एक जरी असलं तरी दवाखान्यात जायला तेवढं कारण पुरे. हिरडीजवळ चुन्यासारखा पांढरा, निस्तेज डाग दिसला तर ती कीड लागायची पहिली पायरी असते. त्या पायरीवर फ्लोराइडच्या पेस्टनं आणि खाण्याच्या सवयी बदलून दात सावरू शकतो, भरायची गरजही पडत नाही.

आपल्या भागात इथेच एक मोठी गफलत होते. पांढरकवडा, झरी-जामणीकडच्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांचे दात पिवळे, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे होतात आणि आईवडील म्हणतात, "सगळे दात किडले." ती कीड नव्हे. फ्लोराइडचा डाग दात उगवतानाच सोबत येतो आणि दोन्ही बाजूंच्या सारख्याच दातांवर जोडीनं दिसतो. बोट फिरवलं तर तिथं बहुधा गुळगुळीत लागतं. कीड एखाद्या दाताला लागते, मागाहून लागते आणि तिथं खड्डा पडतो. अशा गावात लहान मूल असेल तर ग्रामपंचायतीला पाण्याची तपासणी करायला लावा. एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर फार तर १.५. पाणी उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. आठ वर्षांच्या आतल्या लेकरांना चांगल्या विहिरीचं किंवा शुद्ध केलेलं पाणी द्या, कारण कायमचे दात हिरडीत घडतात ते याच वयात.

कीड आत कशी शिरते

कापसाचं बोंड डोळ्यांसमोर आणा. बोंडअळीचं बोंड बाहेरून हिरवंगार असतं, टाचणीएवढं छिद्र दिसलं तर दिसलं. फोडलं की आत सरकी खाल्लेली आणि कापसाची खराब कवडी झालेली. दाताचं असंच होतं. वरचं कवच म्हणजे इनॅमल, शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ. त्याखालचा थर त्या मानानं मऊ. कीड कवचाला बारीक भोक पाडते आणि आत जाऊन पसरते. तुम्हाला वर काळा ठिपका दिसतो तेव्हा आत ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी झालेली असू शकते. त्याच्याही आत नस. कीड तिथं पोचली की रात्रीचा ठणका सुरू होतो. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, म्हणून हाडासारखा दात आपणहून भरून येत नाही. खड्डा एकदा पडला की पडला.

बोंडात अळी असते, दातात मात्र अळी नसते. हे मला जोर देऊन सांगावंसं वाटतं, कारण आठवडी बाजारात दाताचा किडा काढून देणारे अजून बसतात. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकतात, नळीनं धूर तोंडात घ्यायला लावतात आणि मग कापसावर बारीक पांढरे 'किडे' दाखवतात. ते किडे तुमच्या दातातून निघालेले नसतात. धुरानं किंवा लावलेल्या औषधानं घडीभर बरं वाटतं आणि माणूस आणखी सहा महिने घरी बसतो. माझ्या बाबांनी असाच एकदा किडा काढून घेतला होता. दाढ पुढं दीड वर्षात गेली, तिच्या शेजारचीही गेली.

खरी गोष्ट अशी की तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल कवच झिजवतं. आपली लाळ ते आम्ल धुऊन काढते, पण तिला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून गोड किती खाल्लं याहून कितीदा खाल्लं हे महत्त्वाचं. वेचणीच्या दिवसांतला एखाद्या बाईचा दिवस बघा: पहाटे चहा, वावरात पोचल्यावर चहा-बिस्कीट, दुपारी जेवण, मग परत चहा, संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. लाळेला दम घ्यायला वेळच मिळत नाही. चहा सोडा असं मी कोणाला म्हणत नाही, वावरात तेवढाच तर आधार असतो. पाचाचे तीन कप करा आणि दर कपानंतर साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा. लहान लेकरांच्या हातात दिवसभर बिस्किटाचा पुडा आणि रात्री तोंडात दुधाची बाटली देऊ नका.

जायचं कुठं

पहिली चौकशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात करा. बऱ्याच ठिकाणी दंतशल्यचिकित्सक असतात, पण काही जागी ठरावीक वारीच येतात. म्हणून आशाताईंकडून वार विचारून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी फुकट जाते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. नसेचं अवघड काम असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्याच (मेडिकलच्याच) आवारात आहे. वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथं आणि अमरावतीतही दंत महाविद्यालयं आहेत. तिथं शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, चकरा होतात, पण खर्च कमी आणि काम तपासून केलेलं असतं. शाळेतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक करतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. त्यात दात किडणंही येतं. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका आणि त्यांनी चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवा.

खासगीत जाणार असाल तर डॉक्टरांची पदवी बघा, बीडीएस किंवा एमडीएस. काम सुरू व्हायच्या आधी विचारा: कोणतं सिमेंट, किती पैसे, किती चकरा. विचारायला लाजू नका. खड्डा लहान असताना काम शेकड्यांत होतं, नसेचं काम आणि वर कॅप म्हटलं की हजारांत जातं.

निघताना आणि डॉक्टरांना सांगताना

उपाशी जाऊ नका. पोटभर जेवा, दात घासा आणि त्या दिवशी खर्रा (सुपारी-तंबाखू घोटलेला) तोंडात घालू नका. बीपीची, शुगरची गोळी रोजच्या वेळेला घ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या. नाव आठवत नसलं तरी डॉक्टर पट्टी बघून ओळखतात. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका.

सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, असेल तर ते पहिल्यांदा सांगा, कार्ड दाखवा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून आमच्यापर्यंत हा आजार कितीतरी घरांत आहे आणि लग्नाच्या पोरींची तर तो सांगायची तयारीच नसते. पण दाताचा पू अंगात भिनला तर सिकलसेलच्या माणसाला मोठा त्रास उठू शकतो. शिवाय या आजारात कीड नसतानाही दात दुखू शकतो, आणि डॉक्टरला माहीत नसेल तर चांगला दात उगाच कोरला जाईल. गरोदर असाल तर महिना सांगा. चौथा ते सहावा महिना अशा कामाला बरा, पण ठणका असेल तर थांबायचं कारण नाही.

खुर्चीवर

भीती बहुतेकांना इंजेक्शनची असते. खड्डा वरवरचा असेल तर इंजेक्शन लागतही नाही. खोल असेल तर हिरडीत बधिर करायचं औषध देतात, मुंगी चावल्यासारखं होतं आणि पाच मिनिटांत ओठ जड पडतो. मी प्रत्येकाला एक खूण सांगते: दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबते. तुम्हीही डॉक्टरांशी आधीच अशी खूण ठरवून घ्या. खूण ठरली की माणूस मुठी सोडतो.

मग मशीन. आवाज मोठा असतो, सोबत पाण्याचा फवारा उडतो. घाबरून तोंड मिटू नका, पाणी नळीनं ओढून घेतात. मशीन फक्त कवच उघडायला. आतलं किडलेलं मी बाजरीच्या दाण्याएवढं टोक असलेल्या बारीक चमच्यानं काढते. किडलेला भाग ओल्या चामड्यासारखा मऊ, तपकिरी असतो आणि पापुद्रे निघावेत तसा निघून येतो. चमचा चांगल्या दाताला लागला की करकर आवाज येतो. तो आवाज तुम्हालाही आतून ऐकू येईल, तिथं कोरणं थांबतं. तळाशी नसेजवळ थोडा डाग राहिला पण जागा टणक असली तर तो मुद्दाम ठेवतात. त्याला कामचुकारपणा समजू नका, नस वाचवायची ती रीत आहे.

आता भरायचं. इथं तुमचा थोडा भाग आहे: जागा कोरडी राहिली पाहिजे. कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्यावर जीभ तिथं नेऊ नका आणि "थुकू काय?" म्हणून मध्येच उठू नका. लाळेचा एक थेंब लागला तर दाताच्या रंगाचं सिमेंट, ज्याला कंपोझिट म्हणतात, ते धरत नाही. त्यात आधी निळं आम्लाचं जेल लावून धुतात, मग चिकटवणारा थर, मग सिमेंटचे पातळ थर आणि प्रत्येक थरावर वीसेक सेकंद निळा प्रकाश.

दुसरं सिमेंट म्हणजे ग्लास आयनोमर, पांढरं, पावडर आणि द्रव घोटून केलेलं. चावायच्या जागी ते कंपोझिटपेक्षा लवकर झिजतं, पण त्यातून फ्लोराइड थोडं थोडं सुटत राहतं आणि प्रकाशाची मशीन नसली तरी चालतं. १९८० च्या दशकात टांझानियात डॉक्टरांनी एक पद्धत बसवली. मशीन नाही, वीज नाही, नुसत्या हाताच्या हत्यारांनी कीड काढायची आणि सिमेंट बोटानं दाबून बसवायचं. ही पद्धत पुढं जगभर पसरली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ग्लास आयनोमर अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. लाईट गेलेली असताना, शिबिरात, शाळेच्या बाकावर झोपवून मी असे दात भरले आहेत. म्हणून "शिबिरातलं काम कच्चं" असं म्हणून ते टाळू नका. दातात भरायची जुन्या काळची चांदी (अमलगम) आता कमी होत चालली आहे. तिच्यात पारा असतो, म्हणून १५ वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना ती भरत नाहीत.

शेवटी डॉक्टर रंगीत कागद दाताखाली ठेवून चावायला सांगतात. इथं भीड ठेवू नका. एक केसभर जरी उंच लागलं तरी सांगा. संकोचानं "बरं आहे" म्हणून उठलेला माणूस चार दिवसांनी दाढ धरून परत येतो, आणि काम फक्त मिनिटभर घासण्याचं असतं.

घरी आल्यावर

बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तोवर जेवण नको, गरम चहा नको, तोंड भाजलेलं कळत नाही. लेकरं गंमत म्हणून जड ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजतो, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. कंपोझिट असेल तर बधिरपणा उतरला की जेवा. ग्लास आयनोमर किंवा चांदी असेल तर एक दिवस त्या बाजूनं चावू नका. फुटाणे, सुपारी, कडक रोडगे आठवडाभर दुसऱ्या बाजूनं. गार पाण्याची कळ काही दिवस, कधी दोन आठवडे राहते आणि कमी कमी होत जाते. ती वाढत गेली, किंवा रात्री आपोआप ठणका लागला, तर परत जा.

खर्ऱ्याबद्दल मला राग येतो, तो लपवत नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी चामट होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. आपल्याच हाताची तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा. जात नसतील तर दुखायची वाट न बघता आजच दाखवा. मागच्या दाढेपर्यंत माझा आरसाच पोचत नाही अशी पंचवीस-तिशीतली पोरं माझ्याकडे येतात. दाढ वाचवण्यासारखी असते, पण हत्यार घालायला जागा नसते. गुडाखू, तंबाखूची मिश्री, राखुंडी, कोळसा यांनी दात घासणं बंद करा, दात झिजतात आणि हिरडी खाली सरकते. कडुनिंबाची काडी वापरायची तर वापरा, पण रात्री झोपताना ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट हवीच. पेस्ट थुंकून टाका, नंतर गडवाभर पाण्यानं चुळा भरत बसू नका. तीन वर्षांखालच्या लेकराला नुसता पुसट थर आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.

ठणका आधीच लागला असेल तर लवंगेच्या तेलाचा बोळा घडीभर ठेवा, पण तंबाखू, पेट्रोल किंवा फोडलेली गोळी दाढेत दाबू नका, हिरडी जळते. अँटिबायोटिकनं सूज उतरेल, कीड तिथंच राहील. नस वाचत नसेल तर ती काढून, आत औषध भरून दात राखता येतो. तेही जमण्यासारखं नसेल तर काढावाच लागतो. वरची दाढ काढली की डोळा जातो ही भीती मात्र सोडा, डोळ्याची नस वेगळी आहे. गाल किंवा जबड्याखालची जागा सुजली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री गाडी करून मोठ्या दवाखान्यात जा.

सहा वर्षांची दाढ

लेकरांबद्दल एक गोष्ट उरली. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती यायला कोणताच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना कळतही नाही की ही कायमची दाढ आहे, हीच म्हातारपणापर्यंत चालवायची आहे. तिच्या खाचा खोल असतात, पहिली कीड तिलाच लागते आणि "दुधाचीच आहे, पडेल" म्हणून सगळे सोडून देतात. दुधाच्या मागच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, त्यांचंही भरून घ्यावं. खूप लहान, रडणाऱ्या लेकराला कीड थांबवायचं चांदीचं औषध (भरायची ती पाऱ्याची चांदी नव्हे) नुसतं लावताही येतं. दात तिथं काळा पडतो, पण कीड जागीच थांबते.

मागच्या हंगामात एक बाई आली, सोयाबीन काढता काढता दाढ ठणकून आली होती. तिची दाढ मी काढली, दुसरा उपाय राहिला नव्हता. कापूस दाबून ती बाकावर बसली होती आणि तिच्या पदराला धरून सात वर्षांची पोरगी उभी होती. मी पोरीला म्हटलं, "आ कर बरं." खालच्या दोन्ही सहा वर्षांच्या दाढांवर बारीक काळे खड्डे. आईला तोंड उघडून बोलता येत नव्हतं, तिनं मानेनंच हो म्हटलं. इंजेक्शन नाही, मशीन नाही, चमच्यानं कोरून सिमेंट दाबलं, अर्ध्या तासाच्या आत दोन्ही दाढा झाल्या. खुर्चीवरून उतरून पोरगी आईजवळ गेली, बराच वेळ जीभ आत फिरवत राहिली आणि म्हणाली, "माय, इथं आता खड्डाच नाही."